तांड्यावरचे भरतकाम : पेटीतले बियाणे

"जगात जर्मनी आणि भारतात परभणी" असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून हसतो आणि मग विचारतो, "बरं, परभणीत पाहण्यासारखं काय आहे?" तेव्हा आपण गंगाखेडच्या संत जनाबाईंचे नाव घेतो. चारठाण्याची जुनी मंदिरे, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, पूर्णा नदीवरचे येलदरी धरण ही ठिकाणे सांगतो. ती सांगावीतच. पण याच जिल्ह्यात सुईदोऱ्याने केलेले एक मोलाचे काम लोखंडी पेट्यांत घड्या घालून पडलेले आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्यासाठी डांबरी रस्ता सोडून टेकडीकडे वळावे लागते.

जिंतूरच्या वाटेने

परभणीहून जिंतूरला जाताना झरी, बोरी ही गावे लागतात. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचे. आरंभी काळी, खोल, पावसाळ्यात पायाला ढेकळासारखी चिकटणारी जमीन. खरिपात सोयाबीन, कापूस, तूर; रब्बीत ज्वारी आणि हरभरा; पाण्याची सोय असेल तेथे ऊस आणि हळद. जिंतूर जवळ येऊ लागले की जमिनीचा रंग बदलतो. मुरूम वर येतो, पळस आणि बोरी-बाभळी दिसू लागतात आणि टेकड्यांच्या अंगाने लमाणांचे तांडे दिसतात. जिल्ह्याच्या दक्षिणेला गंगाखेड आणि पालमच्या बाजूस बालाघाटच्या डोंगरातही असेच तांडे आहेत. चांगली काळी जमीन आधीपासून गावात राहणाऱ्यांकडे होती. मागाहून स्थिरावलेल्यांच्या वाट्याला माळ आणि उतार आले.

नोकरीच्या निमित्ताने मी या तांड्यांवर वर्षानुवर्षे जात आलो आहे. बीजप्रक्रिया कशी करावी, पेरणी किती खोल करावी, गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे कोठे लावावेत, असे बैठकांचे विषय. तांड्याचा नाईक बाज टाकतो, कारभारी मंडळी गोळा करतो, चहा होतो. बैठक संपली की घराघरांतून गप्पा निघतात. अशा गप्पांतूनच या पेट्या मला पाहायला मिळाल्या.

बैलांच्या पाठीवरचा व्यापार

लमाण म्हणजे बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेत असे. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा एक फ्रेंच व्यापारी हिंदुस्थानात फिरला. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत भेटत, असे त्याने लिहून ठेवले आहे. मोठमोठ्या फौजांना दाणागोटा पुरवावा तो यांनीच. पुढे इंग्रजी अमलात रस्ते झाले, आगगाडी आली. आपल्या भागात १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग परभणीवरून गेला आणि बैलावरच्या व्यापाराची गरजच सरली. त्याआधी १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून देशातील अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो पुसला गेला १९५२ साली. बैल थांबले तसे लोक शेतीत आले, मजुरीत आले. याच समाजातले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ साली त्यांचे नाव दिले गेले.

बैल गेले, पण बैलांच्या काळात जे शिवले-भरले जाई त्याचा नमुना राहिला. या कामातील प्रत्येक वस्तूला काही तरी काम होते. तांड्यावर ताग कातून त्याच्या गोण्या विणत, कारण माल त्यातूनच जाई. आज आपण ताग पेरतो तो फुलोऱ्यावर आला की जमिनीत गाडण्यासाठी. त्या काळी त्याच तागावर व्यापार चाले. पुढे चालणाऱ्या बैलाला कवड्यांनी मढवलेला साज असे, म्हणजे मागच्या बैलांना वाट दिसे आणि धन्याची ऐपतही कळे. बाईच्या डोक्यावर घागर असे, तर घागरीखालच्या चुंबळीला कवड्या लावलेल्या असत आणि चुंबळीमागे पाठीवर भरतकामाचा चौकोनी कपडा लोंबत असे. पैसा, सुपारी, पान ठेवायला कोथळी असे. कवड्या, मणी आणि नाणी लावलेली ही कोथळी लग्नकार्यात मिरवण्याची वस्तू होती.

बायकांचा पोशाख तर सर्वांना ठाऊक आहे. घेरदार घागरा म्हणजे फेटिया, पाठीवर बंदांनी बांधायची कांचळी आणि डोक्यावरून ओढणी. खाली जाडेभरडे सुती कापड, लाल नाहीतर निळे. त्यावर पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या दोऱ्याने दाट टाके आणि मध्ये आभले, म्हणजे आरशाचे छोटे तुकडे. आभल्याला भोक नसते. त्याच्या कडेने दोऱ्याचे जाळे टाकून ते कापडावर आवळून बसवावे लागते. हे काम डोळ्यांनी पाहूनच शिकता येते. केसांत लोंबणारी चांदीची टोपली दिसली की ही बाई लग्नाची, हे लांबूनच समजे. म्हणजे हा पोशाख वाचताही येत असे.

कवडी आली कोठून?

आता एक साधा प्रश्न. परभणीला समुद्र नाही. मग तांड्यावर एवढ्या कवड्या आल्या कोठून? कवडी हा समुद्रातील एका गोगलगायीच्या जातीचा प्राणी. व्यापारातली पांढरी-पिवळसर कवडी पूर्वी मुख्यतः मालदीव बेटांवरून येई. बंगालात आणि आफ्रिकेच्या पश्चिम भागात शेकडो वर्षे तिचा नाण्यासारखा उपयोग होत असे. "फुटकी कवडी" हा आपल्या बोलण्यातला शब्द त्याच व्यवहाराची आठवण आहे.

समुद्रावरून कवडी आपल्याकडे आली तसे आपल्याकडचे काचेचे मणी समुद्रापार गेले. आफ्रिकेच्या दक्षिण भागात लिम्पोपो नदीच्या काठी मापुंगुब्वे नावाचे एक जुने राजधानीचे ठिकाण आहे. तेराव्या शतकात ते भरभराटीस होते. तेथे उत्खननात सोन्याचा पत्रा चढवलेला छोटा गेंडा सापडला आणि त्याबरोबर काचेचे हजारो मणी. त्यांतले कितीतरी मणी हिंदुस्थानातून गेले होते. बदल्यात तिकडून सोने आणि हस्तिदंत इकडे येई. तांड्यावरच्या जुन्या बायका हातभर पांढरे चुडे घालीत, ते पूर्वी हस्तिदंती असत. पुढे ते प्लॅस्टिकचे झाले. दोन दूरचे देश कवडी-मण्यांनी असे जोडले गेलेले होते. तेव्हा तिकडच्या बायकांनी आपल्या कामाचे पुढे काय केले, हे पाहणे आपल्या उपयोगाचे आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या बायका

गांधीजी १८९३ साली ज्या नाताळ प्रांतात गेले, तो झुलू लोकांचा प्रदेश. झुलू मुली मण्यांच्या पट्ट्या गुंफतात आणि मनातल्या माणसाला देतात. कोणता रंग कोणाशेजारी आला यावरून निरोप समजतो. लिहिता येत नसले तरी चिठ्ठी देता येते! एकोणिसाव्या शतकात त्यांना मणी युरोपातून, व्हेनिस आणि बोहेमियाहून येऊ लागले. माल परका, पण मांडणी आपली. पुढे शहरात रात्रीच्या पहाऱ्यावर असलेले झुलू गडी टेलिफोनच्या रंगीत तारा काठीला गुंडाळून विणू लागले. मडक्यावरचे गवताचे झाकण विणण्याची जुनी रीत त्यांनी त्या तारांवर चालवली. आज त्या तारांच्या रंगीत टोपल्या देशोदेशी विकल्या जातात. नवा माल हाती आला म्हणून जुने कसब टाकून द्यावे लागले नाही.

त्याच देशात एन्देबेले नावाचे लोक आहेत. १८८३ साली तिकडच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी, म्हणजे बोअर लोकांनी, त्यांचा पराभव केला आणि त्यांची दाणादाण करून त्यांना शेतांवर सक्तीने राबवले. घरेदारे विखुरली. त्यानंतर या लोकांच्या बायकांनी आपल्या घरांच्या भिंती ठळक चौकटींनी रंगवायला घेतल्या. आरंभी माती, शेण, राख, चुनखडी हेच रंग. आपल्या आया-बहिणी शेणाने अंगण सारवून बोटांनी कडेला नक्षी काढतात, त्यातलाच प्रकार. दुकानातले रंग मागाहून आले. आम्ही विखुरलो तरी आम्ही कोण ते भिंतीवरून ओळखा, असा त्यामागे भाव होता. एस्तर माहलांगू ही १९३५ साली जन्मलेली बाई आई-आजीच्या हाताखाली हे शिकली. कोंबडीच्या पिसाने ती सरळ रेघा ओढते. १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिचे काम झळकले आणि १९९१ साली बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने तिच्याकडून आपली एक मोटार रंगवून घेतली. त्या मोटारीवर तिने मांडली तीच नक्षी, जी आजीच्या घराच्या भिंतीवर होती.

बोट्स्वाना देशाच्या वायव्य भागात ओकावांगो नदीच्या पाणथळीकाठी बायका ताडाच्या जातीच्या मोकोला झाडाच्या कोवळ्या पानांनी टोपल्या विणतात. धान्य साठवायला, पाखडायला, डोक्यावरून न्यायला. मुळ्या आणि सालींपासून तपकिरी रंग करतात. त्यांच्या नक्षीची नावे ऐकण्यासारखी आहेत : जिराफाचे अश्रू, झेब्र्याचे कपाळ, कासवाचे गुडघे. एका नक्षीचे नाव आहे बैलाच्या मुताची वाट! चालता बैल मुतला की धुळीत नागमोडी रेघ उमटते, ती कोणत्या शेतकऱ्याने पाहिली नाही? संस्कृतात या नागमोडी आकाराला गोमूत्रिका म्हणतात. हजारो कोस दूरच्या दोन शेतकरी जमातींना एकच रेघ दिसावी आणि दोघांनीही तिला एकच नाव द्यावे, याची मला मोठी गंमत वाटते.

या टोपल्यांना १९७० नंतरच्या काळात परदेशी गिऱ्हाईक मिळाले. मागणी वाढली तशी झाडांची पाने ओरबाडली जाऊ लागली आणि रंगाची झाडेही कमी पडू लागली, असे १९८० च्या दशकात अभ्यासकांना आढळले. तेव्हा कारागिरी जपायची तर तिचे झाडही जपले पाहिजे, लावले पाहिजे, ही जाण आली.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांना जवळची वाटेल. आज ज्याला झिंबाब्वे म्हणतात त्या देशात टॉम ब्लोमफील्ड नावाचा एक तंबाखूचा शेतकरी होता. १९६५ साली तिथल्या गोऱ्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केले, म्हणून जगाने त्या देशाच्या मालावर बंदी घातली. तंबाखूला उठाव राहिला नाही. त्याच्या शेतात मूर्तिकामाला योग्य असा दगड होता. १९६६ साली त्याने तेंगेनेंगे या आपल्या शेतावरच गड्यांना आणि येईल त्याला दगड, छिन्नी देऊन मूर्ती घडवायला सांगितले. तेथून पुढे त्या देशाच्या मूर्तिकामाचे नाव जगभर झाले. पीक हातचे गेले तेव्हा हातातल्या कसबाने घर चालवले.

आपल्या शेजारचे आफ्रिकी

आफ्रिका इतकी दूर शोधायलाही नको. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या जंगलभागात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी त्यांच्या पूर्वजांना मोझांबिककडून गुलाम म्हणून गोव्यात आणले; तेथून कित्येक जण पळून जंगलात गेले. आज त्यांची बोली कोकणी आहे, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. काठापासून तुकडे लावायला घ्यायचे आणि फिरत फिरत मध्याशी यायचे, अशी त्यांची रीत. शेवटी चार कोपऱ्यांवर तिकोनी घडीचे फूल लावतात. ते लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. आता त्यांच्या कवंद्या परदेशातील प्रदर्शनांतही गेल्या आहेत.

आपल्या परभणीकडे घरोघर गोधडी असतेच. आईचे लुगडे वर, जुनी धोतरे आत, आणि धावदोऱ्याच्या ओळी. उन्हाळ्यात पेरणीपूर्वीची कामे आटोपली की दुपारी पडवीत गोधडी पसरते आणि चार बायका चार बाजूंनी टाके घालतात. तांडा असो, गाव असो, सिद्द्यांची वाडी असो, ही शाळा एकच.

भांडेवालीचा सौदा

आता खरा मुद्दा. गंगाखेडच्या बाजूला डोंगरातील एका तांड्यावर सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची बैठक होती. ती आटोपल्यावर एका म्हाताऱ्या याडीने, म्हणजे आईने, पेटी उघडून एक फेटिया दाखवला. तिच्या सासूच्या हातचा. पदर झिजला होता, पण आभले जागच्या जागी होते. ती म्हणाली, "सायेब, असे तीन होते. दोन भांडेवालीला दिले. एक स्टीलची घागर आली अन् दोन ताटं."

"आणि हा तिसरा?"

"हा मागत होती. परात देते म्हणली. नाही दिला." मग शेजारी उभ्या असलेल्या नातीकडे बोट करून ती म्हणाली, "हिनं बघायचं कशावरून?"

याडीने अगदी नेमके सांगितले. भांडेवाली जे घेऊन जाते त्याचे पुढे काय होते? दलालांकडून ते शहरात जाते. दिल्लीला जनपथावर, गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात जुन्या बंजारा कामाचे तुकडे जोडलेल्या पिशव्या, उशांचे अभ्रे मांडलेले असतात. गिऱ्हाईक चांगले दाम मोजते. ते तुकडे कापले जातात, म्हणजे अख्खा नमुना नाहीसा होतो. आणि तांड्यावर उरते ती घागर.

नवे काम का होत नाही, तेही समजून घ्यावे. आमच्या डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. पहाटे कोयता हाती घ्यायचा तो दिवसभर. रात्री मोळ्या भरायच्या. पाच-सहा महिने सुईला हात लागत नाही. परत आले की पेरणी. मुली शाळेत जातात, ही तर आनंदाची गोष्ट. पण आईजवळ बसून शिकण्याचे दिवस कमी झाले. १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती असते, तेव्हा आणि लग्नात पोशाख हवा असतो. त्यासाठी बाजारात यंत्रावर भरलेला, प्लॅस्टिकच्या आभल्यांचा तयार पोशाख मिळतो. तो स्वस्त आणि हलका असतो. नवऱ्या मुलीने तो घेतला तर तिला दोष कसा देणार?

शेतकरी घरात एक नियम असतो. कितीही अडचण आली तरी बियाण्याचे दाणे दळायला जात नाहीत. कणगी खरवडून खातील, पण बियाण्याचे गाडगे वेगळे ठेवतील. माझ्या मते पेटीतला तो फेटिया म्हणजे बियाणे आहे. जोवर एक अस्सल नमुना घरात आहे तोवर कोणतीही मुलगी त्यावरून टाका उचलू शकते. शेवटचा नमुना गेला की शिकवणारे कोणी उरत नाही. दक्षिण आफ्रिकेतील कितीतरी जुने मणिकाम आज इंग्लंडच्या संग्रहालयांत आहे. ते पाहायला तिथल्या नातींनी विमानाने जायचे काय?

बियाणे जपले तर काय होऊ शकते याचे उदाहरण शेजारीच आहे. कर्नाटकात बळ्ळारीकडच्या संडूर येथील लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथील टाक्यांना नावे आहेत. एका टाक्याच्या नावात सूर्यकांती, म्हणजे आपले सूर्यफूल आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० परिषदेच्या वेळी साडेचारशेहून अधिक लंबाणी बायकांनी केलेल्या १७५५ वस्तू एकत्र मांडल्या आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आपल्याकडे वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. देवदर्शनाला जाणाऱ्यांनी मुलींना ते आवर्जून दाखवावे.

घरच्या घरी करण्यासारखे

भाषणाने काही होत नाही, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, जुने कापड जपणे. पेटीत घडी घालताना घडीची रेघ आभल्यांवर येऊ देऊ नये. मध्ये स्वच्छ जुने सुती कापड घालावे. वर्षातून दोनदा सावलीत वारा द्यावा. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून कापडाच्या पुरचुंडीत ठेवावा. ओला पाला घातला तर डाग पडतात. धुण्याआधी ओल्या पांढऱ्या चिंधीने कोपरा पुसून रंग सुटतो का ते पाहावे. रंग सुटत नसेल तरच रिठ्याच्या थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावे. पिळू नये, दोरीवर टांगू नये, आडवे पसरावे.

दुसरी गोष्ट, नमुना उतरवणे. शाळकरी मुलीने आजीच्या फेटियाचा एकेक टाका वीतभर कापडावर भरावा आणि खाली आजीने सांगितलेले त्याचे नाव लिहावे. दहा-पंधरा तुकड्यांची वही तयार होईल. मोबाइलवर जवळून फोटो घेऊन ठेवावेत. नाव आजीलाच ठाऊक आहे. ते नाव आजीबरोबर जाऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट, किंमत काढणे. आपण कापसाचा उत्पादनखर्च काढतो तसाच हाही काढावा. समजा, एका पूर्ण भरलेल्या पिशवीला कापड, दोरा, आभले, कवड्या मिळून १५० रुपये लागले. रोज ३ तासांप्रमाणे ८ दिवस काम चालले, म्हणजे २४ तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे तीन दिवस झाले. निंदणीची मजुरी ३०० रुपये धरली तर ९०० रुपये. पिशवी १,०५० रुपयांना पडली. दलाल ४०० रुपये देत असेल तर बाई पदरचे ६५० रुपये देऊन पिशवी विकते आहे! त्यापेक्षा साध्या पिशवीवर ४ तासांचा एक पट्टा भरावा. माल १०० आणि मजुरी १५०, एकूण २५० रुपये. अशा वस्तूला खेड्यातही गिऱ्हाईक मिळते. मोबाइलची पिशवी, दाराचे तोरण, पोळ्याला बैलाची झूल, असे कितीतरी प्रकार होऊ शकतात. सगळी पिशवी भरायची तर ती सांगून आलेल्या गिऱ्हाइकासाठीच भरावी आणि पुरे दाम घ्यावे.

चौथी गोष्ट, एकट्याने विकू नये. तांड्यावर बचत गट असतोच. माविम किंवा उमेदच्या गटांना सरस प्रदर्शनात जागा मिळू शकते. केंद्र सरकारच्या हस्तकला विभागाकडून कारागिरांना ओळखपत्र मिळते. ते काढून ठेवावे. टोपल्या, चटया, केरसुण्या करणाऱ्यांनी आणि कुंभार, सुतार, लोहार, शिंपी यांनी २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तीत १८ व्यवसाय आहेत. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावावी आणि तिच्यावर करणारीचे नाव आणि तांड्याचे नाव लिहावे. एस्तरबाईच्या रेघांना तिचे नाव आहे म्हणून दाम आहे. आपल्या बायकांचे काम मात्र "जुने बंजारा काम" एवढ्याच नावाने विकले जाते.

गावातील मंडळींनाही एक सांगणे आहे. तांड्यावरची बाई बाजारच्या दिवशी पोशाखात आली की आपण टक लावून पाहतो, कधी पोरेसोरे चेष्टाही करतात. त्या नजरेला कंटाळून कितीजणींनी फेटिया सोडला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. कला जपा असे सांगण्याआधी ती अंगावर घालणारीला मान द्यायला हवा.

श्रावणात तांड्यावर तीज येते. कुमारिका दुरड्यांत माती आणि खत घालून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि नवव्या दिवशी पिवळीधमक रोपे मिरवतात. ज्या घरात पेटी आहे त्या घरातील आजीने त्याच दिवशी ती उघडावी, नातीला शेजारी बसवावे आणि सुईत दोरा तिच्याकडूनच ओवून घ्यावा. आजीच्या डोळ्यांना आता ते जमत नाही. टाका कोठून काढायचा हे मात्र तिचे बोट अजून बरोबर दाखवते.